काठावरच्या मेंढ्या

उद्या मेंढ्या कातरायच्या, म्हणून पंचफुलाबाई खांद्यावर कुऱ्हाड टाकून, सून शिवकन्येला घेऊन कळप धुवायला तलावावर आली, तर वाटेत तारेचं कुंपण आणि फाटकाला भलंमोठं कुलूप. आत नवं रिसॉर्ट झालेलं. फाटकावर गावातलाच प्रभू, अंगात वॉचमनचा ड्रेस.

"काकू, मेंढ्यांनी काठ घाण होतो. तुमची इथं वहिवाट असंल तर पुरावा आणा, असं साहेब म्हणून राहिले."

पंचफुलाबाईच्या तळपायाची आग मस्तकात गेली. "गावाच्या तलावाला कुलूप घालता तुमी, अन् पुरावा मी आणू? तुझ्या बापानं इथंच मेंढ्या धुतल्या रे!"



तेवढ्यात तिला आत, पार पाण्याच्या कडेला, दहाबारा मेंढ्या दिसल्या. ती आणखीच भडकली. "मंग त्या कुणाच्या? त्यांना काहून सोडलं?"

"त्या फायबरच्या हायेत, काकू. पाहुण्यांना फोटो काढायला."

तिनं निरखून पाहिलं. खरंच, एकीचीही मान पाण्याकडं वाकलेली नव्हती. शेजारी ठळक अक्षरांची पाटी होती.

"शिवकन्या, वाच गं काय लिवलंय."

शिवकन्येनं मोठ्यानं वाचलं, "या काठावर इथले धनगर पिढ्यानपिढ्या मेंढ्या धूत आले आहेत."

पंचफुलाबाईनं खांद्यावरची कुऱ्हाड हातात घेतली.

"ऐकलंस, प्रभू? पुरावा तुझ्या साहेबानंच लिवून ठिवलाय. आता कुलूप तू काढतूस का मी तोडू?"