काळ्या रंगाचा तिसरा हात

लालेजार रस्त्यावरच्या थिएटरबाहेर सेन्सॉरचा अधिकारी कडाडला, "उस्ताद, पोस्टरवरच्या बाईचे केस झाकायला सांगितले होते ना? पुन्हा दिसतायत! थट्टा लावलीय काय?"

"दोनदा काळा रंग फासला, आगा, तोही तुमच्या डोळ्यांदेखत!" पोस्टर रंगवणारा हुर्मोज शिडीवर चढला. या नटीचा एकेक केस त्यानेच जीव लावून काढला होता. दातओठ खात त्याने त्यावर तिसरा हात मारला.

तेवढ्यात आत, दुपारच्या खेळाला, आरडाओरडा झाला. हुर्मोज ब्रश हातात घेऊनच धावला.

पडद्यावर तीच नटी कपाळावरून डोळ्यांत ओघळणारा ओला काळा रंग पुसत होती. भरल्या थिएटरात तिने नेमकं त्याच्याकडेच पाहिलं.

"आणखी किती वेळा, उस्ताद?"