दोन डाव्या बाह्या

कोटाच्या दोन्ही बाह्या डाव्या हाताच्या निघाल्या. मास्तरांच्या बायकोने त्या शिवणकामाच्या टेबलावर शेजारी शेजारी ठेवून पुन्हा पाहिल्या. कापड मोठ्या चौकड्यांचं, म्हणून प्रत्येक बाही वेगळी कापायची होती. दुसऱ्या वेळी कागदी नमुना उलटा ठेवायचा राहून गेला होता. ही नवशिक्याची चूक. मास्तरांना तर कात्री धरून बत्तीस वर्षं झाली होती.

तिने दोरा ओवला आणि दोन्ही बाह्या कच्च्या टाक्यांनी कोटाला जोडून टाकल्या.

पलीकडे मास्तर एकाच पँटचं माप तिसऱ्यांदा वाचत होते. त्यांच्या अंगठ्याला पट्टी होती. गेल्या आठवड्यात कात्रीने कापड सोडून अंगठाच धरला होता. तेव्हा तिने विचारलं होतं, रात्री झोप झाली नाही का? "झाली की. अंदाजे झाली," असं ते म्हणाले होते.

तो 'अंदाजे' तेव्हापासून तिच्या डोक्यातून जात नव्हता. अंदाजाशी तर मास्तरांचा उभा दावा. जुन्याच मापाने शिवा, असं म्हणणाऱ्या गिऱ्हाइकाला ते तोंडावर सांगत, अंदाज हवा असेल तर तयार कपड्यांच्या दुकानात जा. मग हा माणूस झोपच तेवढी अंदाजाने कशी मोजतो?

पाच वाजता डॉक्टर ट्रायलला आले. त्यांचा दवाखाना याच इमारतीत, वरच्या मजल्यावर. मास्तरांनी मात्र तो जिना कधी चढला नव्हता. डॉक्टर आरशापुढे उभे राहिले आणि नेहमीप्रमाणे त्यांनी पोट आत ओढलं.

"श्वास सोडा, डॉक्टर," मास्तर म्हणाले. "पोट आत ओढू नका. खोट्या मापाचा कोट महिनाभरात बटणं तोडतो."

डॉक्टरांनी मुकाट्याने श्वास सोडला. डावा हात छान गेला. उजवाही गेला, पण बाहीचा बाक भलतीकडेच होता. डॉक्टरांनी हात खाली सोडला, वर केला, मान वाकडी करून आरशात पाहिलं. त्यांना राग आला नाही, गंमतच वाटली.

"मास्तर, हा हात माझा नाही."

मास्तरांनी पाहिलं आणि त्यांचा चेहरा उतरला. ही चूक बायकोच्या नजरेतून सुटणं शक्य नाही, हेही त्यांना त्याच क्षणी कळलं.

"अगं, तू जोडल्यास या?"

"मीच जोडल्या. रिपोर्ट पाहिल्याशिवाय डॉक्टरांना आजार कसा कळणार?"

"काहीतरीच तुझं. डॉक्टर, कापड मी दुसरं आणतो. वय झालं आता, चुकतं कधी."

"गेल्या महिन्यात चष्म्याचा नंबर होता, आता वय आलं," बायको म्हणाली. "डॉक्टर, सहा महिने झाले, हे घोरत नाहीत. आधी मला बरंच वाटलं. मग लक्षात आलं, हे झोपतच नाहीत. माझी झोप मोडू नये म्हणून डोळे मिटून पडून राहतात."

मास्तर गळ्यातल्या टेपशी चाळा करू लागले. हे तिला ठाऊक असेल, असं त्यांच्या स्वप्नातही आलं नव्हतं. स्वप्नं पडायला झोप तरी कुठे होती म्हणा.

डॉक्टरांनी कोट काढून हातावर घेतला. "किती तास झोपता, मास्तर?"

"झोपतो की. अंदाजे..."

बायकोने मापांची वही उघडली, कोरं पान काढलं आणि गिऱ्हाइकाच्या नावाच्या जागी नवऱ्याचं नाव लिहिलं.

"आणि गोळ्या खाऊन मी दिवसभर पेंगत बसलो, तर दुकान कोण बघणार?" मास्तर एकदम बोलून गेले. आता कुठे खरी भीती बाहेर पडली.

"गोळ्यांचं पुढे बघू. पुष्कळांना त्या लागतही नाहीत. झोप न येण्यावर दुसरेही उपाय असतात," डॉक्टर म्हणाले. "उद्या सकाळी दहाला वर या, निवांत बोलू. पण आधी माप तर द्या."

त्यांनी मास्तरांना खांद्याला धरून आरशापुढे उभं केलं. इतकी वर्षं लोकांना जिथे उभं केलं, तिथे मास्तर आज स्वतः उभे राहिले. छाती पुढे, मान ताठ, अगदी ठणठणीत माणसासारखे.

"श्वास सोडा, मास्तर," डॉक्टर म्हणाले. "पोट आत ओढू नका."

आरशात मागे बायको दिसत होती, पेन्सिल धरून थांबलेली. मास्तरांचे खांदे हळूहळू खाली आले.

"दोन तास," ते म्हणाले. "कधी कधी तेवढेही नाही."

बायकोने आकडा लिहून घेतला. मग नेहमीच्या सवयीने खाली ट्रायलची वेळ घातली: उद्या, सकाळी दहा.