बेमेळ बिल्ला

मैनाबाईंनी पदराची गाठ सोडून दोन पितळी बिल्ले धावजीसमोर ठेवले, पण त्यांच्यावरचा हात काही उचलला नाही.

"द्या ना बाई, घासायले घेतो," धावजी म्हणाला.

बोरी अरबजवळच्या या तांड्यात बायकांच्या पोशाखावर शिवायच्या नाण्यांना कडी जोडून द्यावी ती धावजीनेच. दिग्रसच्या बंद पडलेल्या जिनिंगमधल्या कामगारांचा एक बिल्ला आणि वणीच्या खाणीतला एक, दोन्ही मागून घासून तो असे बेमालूम जोडायचा, की एका बाजूला कापसाचं बोंड, दुसऱ्या बाजूला खाणीतला दिवा. बाजाराच्या दिवशी त्याची बायको नंदाबाई तो आपल्या दुकानातल्या जुन्या नाण्यांत टाकायची. मग मैनाबाईंच्या यजमानांना, वामनरावांना, तो "सापडायचा".

गेल्या वर्षी गुडघ्याचं ऑपरेशन झालं आणि मैनाबाईंनी जी खाट धरली ती सोडायचं नाव नाही. त्याच सुमारास वामनरावही गप्प झाले, जुनी नाणी-बिल्ले जमवायचा त्यांचा नादही सुटला. शाळेतून निवृत्त झालेले गुरुजी, रिकामा वेळ खायला उठला असेल, असं मैनाबाईंना वाटलं. भेटायला आलेल्या नंदाबाईने ही युक्ती सांगितली. तिच्या गळ्यात असलाच एक बिल्ला होता, धावजीने हौसेने केलेला.

युक्ती अशी लागू पडली की विचारू नका! वामनराव पुन्हा बोलायला लागले, हसायला लागले. दोन्हीकडचे बिल्ले एकाच कारागिराने ठोकले असणार आणि घाईत त्याचे साचे बदलले असणार, असा त्यांनी शोध लावला. त्यावर लेखही लिहायला घेतला. "आणखी एक सापडला की पुरा," हे ते दर बिल्ल्याला म्हणायचे. साध्या बिल्ल्यांची मात्र त्यांना किंमत नव्हती. भंगारातून आणायचे आणि स्वयंपाकघरातल्या फळीवर टाकून विसरायचे. मैनाबाईंची आयतीच सोय व्हायची.

पण काल जेवताना ते म्हणाले, "आणखी एक सापडला की लेख यवतमाळच्या संमेलनात वाचतो. मोठेमोठे संग्राहक येतात तिथं."

मैनाबाईंनी हातातला घास ताटात ठेवला. कुणी बिल्ल्याची कड घासून पाहिली तर? चार लोकांत हसं होईल आणि हा माणूस पुन्हा गप्प होईल. त्यांना ते सहन होणार नव्हतं.

म्हणून आज त्या तांड्यावर आल्या होत्या. बिल्ले आपले सवयीने बांधून आणले, इतकंच. सुरुवातीला हा रस्ता चालताना त्यांच्या डोळ्यांत पाणी यायचं. धावजीला किती विनवलं, बाबा, घरी येऊन घेऊन जा. पण तो पठ्ठ्या ऐकेल तर शपथ! "काम तुमच्या डोळ्यादेखत झालं पाह्यजे," एवढंच म्हणायचा. आता वाटेत कुठे टेकावंही लागत नव्हतं.

"धावजीभाऊ, आता नाही करायचा," त्यांनी बिल्ले पुन्हा पदरात बांधले. "आजपासून मी येणार नाही."

धावजीने नंदाबाईकडे पाहिलं. ती चहा घेऊन येत होती, तिथेच थबकली.

"असं नोका करू बाई, गुरुजी आमच्यावर बिघडतीन," ती म्हणाली. "बाई कितीबी म्हणो, बिल्ले आनाले घरी जाऊ नोका, तिले पायीच येऊ द्या, असं त्याईनंच तर पहिल्या दिवशी बजावलं होतं."