जनरलसाहेबांचा कलप

"उभं आयुष्य आभाळात काढलंय मी. जमिनीवरच्या कुणाच्या बापाला भीत नाही!" हवाईदलाचे जनरल छ्यू यांनी आरशासमोर जाहीर केलं, आणि भांगातली पांढरी रेघ दिसताच आरशाकडे पाठ फिरवली.

शनिवार उलटून गेला तरी कलप लावायला फान न्हावी आला नव्हता. बीजिंगच्या त्या लष्करी वसाहतीत पांढऱ्या केसांचा जनरल दोनच प्रकारचा असे: निवृत्त झालेला, नाहीतर चौकशीसाठी उचललेला. साध्या वैमानिकापासून इथवर चढताना छ्यूंनी एक केस पांढरा दिसू दिला नव्हता.

"फानला वरून माझ्याबद्दल काहीतरी कळलं असणार," येरझाऱ्या घालत ते पुटपुटले.

"अहो, बसा आता. गालिचा झिजला," बायको म्हणाली. पण पिशवीत तिनं त्यांचं लोकरी बनियन आणि रक्तदाबाच्या गोळ्या केव्हाच भरून ठेवल्या होत्या.

तेवढ्यात घंटी वाजली. दारात चौकशी खात्याचे दोन अधिकारी उभे. छ्यूंनी टोपी चढवली, पिशवी उचलली.

"चला."

"कुठे?" थोरला अधिकारी गोंधळला. मग मागेपुढे पाहत त्यानं आवाज खाली आणला. "साहेब, सगळ्या जनरलांच्या डोक्यात काय आहे ते फानला ठाऊक, म्हणून काल आम्ही त्याला उचलला. आता पंचाईत अशी, की आमच्या साहेबांनाही तोच कलप लावायचा आणि उद्या त्यांची वर बैठक आहे. घरात एखादी डबी असेल का? अर्धी असली तरी चालेल."