शेडचं दार
“आजोबा, तुमच्या अंगाला कोंबड्यांचा वास येतो, तुम्हाला कळत नाही?” मैत्रिणींनी पैज लावली होती, म्हणून नातीने बेधडक विचारलं. पन्नास पिल्लांपासून अख्खी पोल्ट्री उभारणारे आजोबा गोरेमोरे झाले. “कुणाला सांगू नकोस पोरी, वर्ष झालं, मला कसलाच वास येत नाही.” रोज सकाळी शेडचं दार उघडून, हवा हुंगून तेच तर सांगायचे, खाली अंथरलेला भुसा बदलायचा की नाही. बाबा त्यांच्या शब्दाबाहेर नसत. ती शेडकडे धावली. दार उघडताच उग्र वासाने डोळे चुरचुरले; कोंबड्याही डोळे मिटून मलूल बसलेल्या. भुसा ओलाचिंब. ती तशीच घरात आली. “बाबा, भुसा आत्ताच बदला. आणि उद्यापासून आजोबांसोबत दार उघडायला मी जाणार.” “तुला तर त्या वासाने मळमळतं,” आई हसली. “म्हणूनच जाणार.”