बेकायदा जॅमर

परीक्षेआधी निवासी शाळेत बसवलेला जॅमर बेकायदा निघाला. दूरसंचार खात्याच्या अधिकाऱ्याने तो काढून खोक्यात भरला आणि खोक्याला सील ठोकलं.

"मुलींचे फोन काढून घ्या हवं तर," त्याने मुख्याध्यापकांना सुनावलं, "पण सिग्नल अडवायचा अधिकार शाळेला नाही."

"साहेब, सुट्टी लागेपर्यंत राहू द्या की," वसतिगृहाच्या मावशी मध्येच म्हणाल्या. "कुणाचं काय बिघडतंय?"

"कमाल करता बाई. दोन महिने आईबापांना लेकरांचा आवाज ऐकायला मिळाला नाही."

जॅमर बसला त्याच आठवड्यात एक बाई आठ वर्षांच्या चिमणीला इथे सोडून आपल्या नव्या संसाराला निघून गेली होती. तेव्हापासून रोज झोपताना मावशी चिमणीला सांगत, "आई फोन करते गं तुला. या मेल्या जॅमरमुळे लागत नाही."

मुलींचे फोन आता कपाटात बंद होते, म्हणून रविवारी सकाळपासून मावशींचा मोबाइल खणखणत होता. व्हरांड्यात मुलींची रांग लागली होती. "मावशी, आता माझ्या घरचा येणार, ही मध्येच घुसलीये!" संध्याकाळपर्यंत एकेक मुलगी बोलून, नाक पुसत जेवायला गेली. भिंतीला टेकून चिमणी तेवढी उरली.

मावशींनी मोबाइलकडे पाहिलं, तिच्याकडे पाहिलं.

चिमणीने त्यांचा पदर धरला.

 

"मावशी, आता दुसरं काहीतरी कारण सांग ना."