पाचव्या चुलीची रोटी

“आजी, उद्यापासून येऊ नका,” हे वाक्य गाईडताई सकाळपासून मनात घोळवत होत्या. ते आजच सांगायचं होतं, आणि सांगायचं ताईंनाच होतं. आजींची डोंगरातली भाषा संग्रहालयात दुसऱ्या कुणालाच येत नव्हती. ताईंचं बालपण डोंगराच्या पायथ्याशी गेलं होतं.

संग्रहालयाच्या एका लांबट दालनात ओळीने पाच चुली मांडल्या होत्या. देशातल्या पाच समाजांच्या पाच. नदीकाठची मासेवाली, रानातली कंदवाली, मेंढपाळांची दहीवाली, मैदानातली डाळवाली आणि सगळ्यात शेवटी डोंगरातली आजी. परदेशी पाहुणे पहिल्या चुलीपासून चाखत चाखत यायचे आणि आजींपाशी पोचेपर्यंत पोटं भरलेली, पाय दुखलेले. आजी तापल्या दगडावर भाजलेली जाड रोटी हातावर ठेवायच्या. पाहुणे एक घास खायचे, हसून मान हलवायचे आणि उरलेली रोटी दाराजवळच्या बादलीत टाकायचे.

“रोज बादलीभर रोट्या वाया,” संग्रहालयाचे साहेब काल म्हणाले होते. “अळणी रोटी कोण खाणार, ताई? चार चुली पुष्कळ झाल्या. आजींना तुम्हीच सांगा. गोडीगुलाबीने.”

गोडीगुलाबीने! दोन तासांची उतरण उतरून येणाऱ्या बाईला हे गोड करून कसं सांगायचं, ते मात्र साहेबांनी सांगितलं नव्हतं.

पाहुण्यांची तुकडी पाचव्या चुलीशी आली. रोट्या वाटून झाल्या, तशी आजींनी रोजच्यासारखी बोलायला सुरुवात केली. आजींचं बोलणं संथ. शब्द जणू एकेक करून दगडावर भाजून काढायच्या. आणि नेमका त्याच वेळी बाहेर बसचा हॉर्न वाजायचा. तीन वर्षांपूर्वी पहिल्या दिवशी “आमच्या रोटीत मीठ नसतं” एवढं ऐकलं आणि हॉर्न वाजला. पुढचं ताईंनी आपल्या मनानेच जुळवलं होतं. तेच आजही त्यांनी धाडकन सांगून टाकलं, “डोंगरात पूर्वी मीठ पोचत नसे, म्हणून ही रोटी अळणी. आजी तुमचं स्वागत करतात. चला, बस उभी आहे.”

सगळे वळले. एक म्हातारे पाहुणे तेवढे जागचे हलले नाहीत. त्यांना कमी ऐकू यायचं, म्हणून ते समोरच्याच्या ओठांकडे बघत असत.

“त्यांचे ओठ अजून हलतायत,” ते म्हणाले. “तुमचे मात्र केव्हाच थांबले.”

ताईंचा चेहरा पडला. शाळेत चोरून उत्तर लिहिताना पकडलेल्या मुलीसारख्या त्या उभ्या राहिल्या. मग चुलीजवळ येऊन गुडघ्यांवर बसल्या.

“आजी, पुन्हा सांगता? पहिल्यापासून. मी ऐकते.”

आजींनी त्यांच्याकडे वळून पाहिलं. रागावल्या नाहीत. हात पुसले आणि पहिल्यापासून सांगितलं. बाहेर हॉर्न वाजला. पुन्हा वाजला. ताई उठल्या नाहीत. आजींचं बोलणं संपल्यावर त्या पाहुण्यांकडे वळल्या.

“माझं चुकलं,” त्या म्हणाल्या. “डोंगरात मीठ होतं. आजी म्हणतात, आमची रोटी एकट्याने खायची नसते. अर्धी मोडायची आणि शेजारच्या चुलीवर जायचं. अर्धी शेजाऱ्याला द्यायची, उरलेली त्याच्या कालवणात बुडवून खायची. मीठ त्याच्या घरचं. म्हणून आम्ही आमचं घालत नाही.”

म्हातारे पाहुणे आपली रोटी मोडून मासेवालीच्या चुलीकडे चालू लागले. मग बाकीचेही निघाले, कुणी डाळीकडे, कुणी दह्याकडे. कंदवालीपाशी तर रांग लागली. ड्रायव्हर भांडायच्या तयारीने आत आला आणि हातात रोटी घेऊन उभा राहिला. साहेबांनी येऊन बादलीत डोकावून पाहिलं. तळ दिसत होता.

“ताई,” त्यांनी हळूच विचारलं, “आजींना ते सांगून तर नाही ना टाकलंत?”

“नाही.”

“मग राहू द्या.”

पाहुणे गेल्यावर दालन शांत झालं. चुली विझत आल्या. जेवणाची वेळ झाली तशी रोजच्यासारख्या आजी दोन रोट्या घेऊन उठल्या. दर दुपारी त्या कुणातरी एकीच्या शेजारी जाऊन बसत आणि एक रोटी पुढे धरत. “आली गं, आजींची फेरी आली,” म्हणून बाकीच्या एकमेकींना खुणावत आणि त्या रोटीवर पळीभर कालवण वाढत. आजी तेवढी खात. दुसरी रोटी फडक्यातून पुढे करत, पण बाकीच्या हातानेच नको म्हणत, म्हणून ती तशीच घरी नेत. म्हातारीची रात्रीची सोय, असंच सगळ्या धरून चालल्या होत्या.

आज पाळी मासेवालीची होती. तिने पळी उचलली, पण ती हातातच राहिली.

“ताई, त्यांना विचारा ना,” ती चाचरत म्हणाली. “इतकी वर्षं त्या आमच्याकडे कालवण मागायला येत नव्हत्या का?”

ताईंनी विचारलं. आजींनी फडकं सोडलं, दुसरी रोटी काढली आणि दोन्ही हातांनी मासेवालीपुढे धरली. मग त्या जे बोलल्या, ते ताईंनी एकही शब्द न गाळता सांगितलं.

“मागायला नव्हते गं येत. ही दुसरी रोटी तुझीच असायची.”